गाळणीमास्तर

गाळणीमास्तर कुठल्याही वस्तूचा वास नाक लावून घेत नसत. वस्तू हातभर लांब धरायची आणि दुसऱ्या हाताच्या पंजानं तिच्यावरची हवा हळूच आपल्याकडे ओढायची, दोनदा, फार तर तीनदा. अनोळखी द्रवाचा वास असा घ्यावा, हे रसायनशाळेतलं शहाणपण. मास्तरांनी ते घरीदारी सगळीकडे नेलं होतं. देवळात कुणी सोनचाफ्याचं फूल हातात दिलं तरी त्यांचा पंजा हलायचा. एकदा मुंजीच्या पंगतीत अळूच्या भाजीवरून त्यांनी असा हात फिरवला आणि यजमानीणबाईंनी त्यांच्या पुढ्यातलं पानच उचलून नेलं, ही गोष्ट मी रत्नागिरीत आल्याच्या पहिल्याच आठवड्यात ऐकली. त्यानंतर त्यांना कुणी जेवायला बोलावलं नाही, असं सांगणाऱ्यानं हसत सांगितलं होतं. मीही हसलो होतो.

मी तिथल्या एका इंग्रजी शाळेत संस्कृत शिकवायला लागलो, तो एकोणतीस-तीस सालचा सुमार. मास्तर त्याच शाळेत रसायन शिकवत. वय पन्नाशीच्या आसपास, अंगानं वाळके, डोक्याला काळी टोपी. उजव्या हाताची बोटं आम्लानं पिवळी पडलेली, डाव्या हाताच्या अंगठ्यावर कसलासा काळा डाग, तो कधीच न जाणारा. त्यांचं आडनाव हजेरीपटात होतं, पण ते कुणाच्या तोंडी नव्हतं. दिवसभर काचेच्या नरसाळ्यात कागद घडी करून ठेवायचा आणि काहीतरी गाळत बसायचं, म्हणून ते गाळणीमास्तर. हे नाव त्यांना ठाऊक होतं. एकदा मला म्हणाले, "वाईट नाही. लोक याहून वाईट कामांवरून ओळखले जातात."

त्यांची रसायनाची खोली शाळेच्या मुख्य इमारतीपासून दूर, आवाराच्या टोकाला उंडीच्या झाडाखाली होती. मुद्दामच तिथं ठेवलेली. धातू ओळखण्यासाठी ते एक वायू तयार करत, त्याला नासक्या अंड्यासारखी घाण येई. ती त्यांच्या कोटात मुरली होती. शिक्षकांच्या खोलीत ते आले की दोघे-तिघे खिडकीकडे सरकायचे. मास्तरांच्या ते ध्यानात आलं असणार, कारण हळूहळू त्यांनी त्या खोलीत येणंच सोडलं. मधल्या सुट्टीत उंडीखाली एकटेच उभे राहून ते डब्यातले पोहे खात.

योगायोगानं मला मांडवीकडच्या वाटेवर बिऱ्हाडासाठी जी खोली मिळाली, ती त्यांच्या खोलीला लागून. मधे कुडाची भिंत. पलीकडचा आवाज सगळा ऐकू येई, पण आवाज असे कुठे? पहाटे भांडं घासल्याचा, मग चुलीत लाकूड सारल्याचा, संध्याकाळी कंदिलाची काच पुसल्याचा. कुणी आलं नाही, कुणी गेलं नाही. टपालवाला आमच्या अंगणात यायचा तो माझ्यासाठी. पहिले काही महिने मी त्यांना विचारायचो, "मास्तर, तुमचं काही टपाल?" एक दिवस ते म्हणाले, "शास्त्रीबुवा, ते विचारत जाऊ नका. माझं असलं तर तो सांगेल." मी संस्कृत शिकवतो म्हणून मला शास्त्रीबुवा म्हणत. माझं वय तेव्हा पंचवीस.

रविवारी शाळा बंद असली तरी ते खोलीवर जात. एका रविवारी कंटाळून मीही त्यांच्या मागे गेलो. त्यांनी मला एक पांढरी भुकटी दिली. म्हणाले, "यात दोन पदार्थ मिसळलेत. कोणते ते शोधायचं." मी विचारलं, "सुरुवात कुठून करायची?" त्यांनी वही पुढे केली. "काय आहे ते नंतर. काय नाही ते आधी लिहा." मग एकेक आम्ल, एकेक क्षार घालून पाहणं. नळीच्या तळाशी गाळ म्हणजे साका बसला नाही की लिहायचं, चांदी नाही. पुढचा थेंब. पारा नाही. दुपारपर्यंत माझ्या वहीचं पान 'नाही'नं भरलं आणि मला जांभया यायला लागल्या. मास्तर मात्र प्रत्येक 'नाही'वर समाधानानं मान हलवायचे. शेवटी तळाशी साका बसला, तेव्हा मी आनंदानं नाव सांगितलं. ते म्हणाले, "बरोबर असेल. आता दुसऱ्या रीतीनं बघा. एका परीक्षेवर कुणाचं नाव घेऊ नये." आणि साका गाळल्यावर त्यांनी तो कितीतरी वेळा धुवायला लावला. "धुवा. अजून धुवा. आधीच्याचं काही चिकटून राहिलं की पुढचं सगळं खोटं निघतं."

यापुढचं जे सांगणार आहे, ते माझ्या थोरल्या बहिणीमुळे घडलं.

आक्काचं सासर लांज्याजवळच्या एका गावात. सासरे तात्या, सासूबाई, धाकटा दीर आणि ती, एवढी माणसं घरात. आक्काचे यजमान मुंबईला नोकरीत, वर्षातून एकदा मे महिन्यात येणारे. मूलबाळ नव्हतं. आमचे आईवडील गेलेले, त्यामुळे तिचं माहेर म्हणजे माझी ती कुडाच्या भिंतीची खोली. माघ महिन्यात एका दुपारी शाळेतून परतलो तर ती पायरीवर बसलेली. सोबत एक ट्रंक. तिला पोचवायला आलेला गडी निघून गेला होता.

"कशी आलीस गो?" मी विचारलं.

"आल्ये नाही. पाठवलंनी," ती म्हणाली.

खोलीत येऊन बसल्यावर तिनं सांगितलं. दिवाळीनंतर महिनाभरात घरात दुखणी लागली. आधी तात्यांच्या पोटात कळा येऊ लागल्या, त्या इतक्या की ते ओटीवर गडबडा लोळत. मग सासूबाईंना तेच. अन्न जाईना, तोंडाला सतत लोखंडाची चव. दिराचा उजवा पंजा मनगटापासून लुळा पडला. हात पुढे केला की पंजा खाली लोंबायचा. वैद्य झाले, अंगारे झाले. आणि मग कुणीतरी म्हणालं, घरातली तिन्ही माणसं आजारी आणि सून तेवढी धडधाकट, हे कसं? स्वयंपाक तीच करते. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी तिची ट्रंक उघडली. तळाशी कागदाच्या पुडीत पांढरी भुकटी सापडली.

"कसली?" मी विचारलं.

"टाकणखार रे. माझी जीभ सोलवटली होती, म्हणून मधातून लावायला आणलेला. सांगितलं मी. कोण ऐकतंय?"

तात्यांनी ती पुडी तिच्या हातात देऊन तिला घालवलं होतं. निरोप असा की, "भावाला दाखव बहिणीचे प्रताप. आम्ही पोलिसात गेलो नाही ते घराण्याच्या नावासाठी." अर्धी भुकटी त्यांनी स्वतःजवळ ठेवली होती. आक्काच्या यजमानांना मुंबईला पत्र गेलं होतं. त्यांचं उत्तर आक्काला आलं नव्हतं, त्यांच्या आईवडिलांना आलं होतं. त्यात काय होतं ते तिला कुणी सांगितलं नाही. पण दुसऱ्याच दिवशी तिची ट्रंक ओटीवर आणून ठेवली गेली.

हे सगळं ती हळू आवाजात सांगत होती. मी मात्र संतापून मोठ्यानं बोललो असणार, कारण थोड्या वेळानं दाराशी मास्तर उभे होते. पाच महिन्यांत ते माझ्या खोलीत कधी आले नव्हते. त्यांनी आक्काला नमस्कार केला आणि मला म्हणाले, "भिंत पातळ आहे. माझ्या कानावर आलं, त्याला इलाज नाही. पुडी बघू?"

पुडी घेऊन आम्ही दोघे तसेच शाळेत गेलो. मास्तरांनी तारेचा बारीक डोळा करून दिव्यावर लाल केला, भुकटीत बुडवला आणि पुन्हा ज्योतीत धरला. भुकटी फुलली, मग आटली, आणि तारेच्या डोळ्यात काचेसारखा स्वच्छ मणी तयार झाला. "टाकणखारच," मी म्हणालो. त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. उरलेल्यातली चिमूट बशीत घेऊन तीवर गंधकाम्लाचे थेंब आणि स्पिरिट घातलं, काडी लावली. ज्योतीच्या कडा हिरव्या झाल्या. तरी त्यांचं समाधान होईना. त्यात सोमल हे विष मिसळलेलं नाही, हे पाहण्यासाठी त्यांनी काचेच्या नळीतला एक लांबलचक प्रयोग मांडला. सोमल असता तर नळीत काळा चकचकीत थर बसला असता. अंधार पडायच्या सुमाराला नळी स्वच्छच होती. वहीत त्यांनी लिहिलं, सोमल नाही.

मला हायसं वाटलं. "उद्याच लांज्याला जातो," मी म्हणालो. "त्यांच्या तोंडावर फेकतो हे."

"काय फेकाल? ही पुडी निर्दोष आहे एवढंच. ते म्हणतील, दुसरी पुडी होती, ती तिनं विहिरीत टाकलीन्. ती तीन माणसं खरोखर आजारी आहेत, शास्त्रीबुवा. कशानं, ते सापडलं नाही तर तुमची बहीण सुटत नाही."

दुसऱ्या दिवशी ते आक्कासमोर वही घेऊन बसले. इतके प्रश्न तिला उभ्या जन्मात कुणी विचारले नसतील. पाणी कुठल्या विहिरीचं? तांदूळ कुणाचे? तेल? मीठ? भांडी कोणती? आमटी कशात, भात कशात? रोज काय होतं, सणाला काय? ती आधी बिचकत होती, मग तिलाच त्यात रस वाटू लागला. दिवाळीनंतर काय काय नवीन घरात आलं, या प्रश्नाला तिनं बराच विचार केला.

"नवीन काही नाही. भांड्यांना कल्हई केली तेवढी. दरवर्षीचा कल्हईवाला थकला. एक फिरता आला होता घाटावरून, त्याच्याकडून करवून घेतली तात्यांनी."

मास्तरांची पेन्सिल थांबली. "आंबट काय काय होतं घरात?"

"सार होतं की रोज आमसुलांचं. तात्यांना त्याशिवाय भात जात नाही. पितळेच्या तपेल्यात सकाळीच करून ठेवत्ये. रात्रीपर्यंत तेच."

"सगळे घेतात?"

"सगळे."

"तुम्ही?"

आक्का म्हणाली, "मी मागाहून बसत्ये. पुरुषांचं झालं, सासूबाईंचं झालं, की मग. तोवर सार उरत नाही. ताक-भात खात्ये."

"कधीच उरत नाही?"

"कधीतरी चमचाभर. तीन महिन्यांत दोनदा असेल."

मास्तरांनी वही मिटली आणि ते म्हणाले, "म्हणून तुम्ही धडधाकट."

पुढच्या शनिवारी आम्ही सकाळच्या सर्व्हिस मोटारीनं लांज्याला निघालो. मास्तरांच्या मांडीवर एक लाकडी पेटी होती, गवतात बसवलेल्या बाटल्यांची. रस्त्याच्या प्रत्येक खड्ड्याला ते पेटी दोन्ही हातांनी उचलून धरत. आक्काला आम्ही मागेच ठेवलं होतं. मोटारीतून उतरून दोन मैल चालत गेलो. तात्या ओटीवर घोंगडी पांघरून बसले होते. मला पाहून त्यांनी तोंड फिरवलं.

मास्तर माझ्याआधी पुढे झाले. "मी शाळेत रसायन शिकवतो. तुमच्या घरात विष आहे, हे तुमचं म्हणणं मला पटतं. ते कुठे आहे एवढं बघायला आलोय."

या बोलण्यानं तात्या चकित झाले. भांडायला आलेला माणूस त्यांना अपेक्षित होता, आणि हा तर त्यांचंच म्हणणं मान्य करत होता. मास्तरांनी त्यांना तोंड उघडायला सांगितलं. हिरड्यांच्या कडेनं निळसर रेघ होती. सासूबाईंच्याही. दिराच्याही. मग त्यांनी साराचं तपेलं मागवलं आणि चाकू तात्यांच्याच हाती दिला. "आतली कल्हई तुम्ही खरवडा. मी हात लावत नाही. नंतर कुणी म्हणायला नको."

तात्यांनी कल्हई खरवडली. ती पूड मास्तरांनी बशीत घेऊन तीवर तेजाब ओतलं. लालसर धूर निघाला तसे सगळे मागे सरले. पुढचे दोन-अडीच तास सगळे अंगणातच बसून होते. स्वयंपाकघरातल्या चुलीवर पाणी उकळत ठेवून मास्तर येत-जात होते. बशीच्या तळाशी पांढरा गाळ राहिला. "हे कथील. कल्हईत असायचंच. याला माझं काही म्हणणं नाही." तो कागदातून गाळून त्यांनी बाजूला ठेवला. खाली उतरलेल्या पाण्यात दुसरं आम्ल घातलं. पुन्हा पांढरा साका. तोही गाळला, गार पाण्यानं धुतला, धुतला, पुन्हा धुतला. दीर लुळा हात मांडीवर घेऊन जवळ सरकून बसला होता. मग मास्तरांनी त्यावर उकळतं पाणी ओतलं. साका विरघळून पाणी नितळ झालं. त्यात त्यांनी एका लहान बाटलीतले थेंब टाकले आणि परीक्षानळी तात्यांच्या हातात दिली.

"आता ही गार होऊ द्या."

नळी निवत गेली तशी आत सोन्याच्या वर्खासारखी चिमुकली चिमुकली पानं दिसू लागली. उन्हात ती चमकत, गरगरत खाली उतरत होती. सासूबाई दाराआडून पुढे आल्या. एवढं सुंदर काही त्यांच्या अंगणात कधी झालं नसेल.

"सोनं?" दिरानं विचारलं.

"शिसं," मास्तर म्हणाले. "कल्हईवाल्यानं कथलात शिसं मिसळलंन्. नुसतं पाणी तापवलंत तर फार काही होत नाही. पण आमसुलांचं आंबट दिवसभर त्यात राहिलं की ते शिसं सुटतं आणि सारात उतरतं. तुम्ही तिघं रोज ते पीत होतात."

तात्यांनी नळी खाली ठेवली. मग म्हणाले, "आणि ती? ती कशी राहिली बरी?"

मास्तरांनी आधी बाटल्यांची बुचं लावली. "तुम्ही पानावरून उठल्यावर ती जेवायला बसायची, तेव्हा सार संपलेलं असायचं. तिच्या वाट्याला उरलं नाही, म्हणून ती बरी राहिली."

पदर तोंडाशी धरून सासूबाई म्हणाल्या, "तिला उरत नाही, हे मी बघत होत्ये हो. तपेलं पालथं घालत होत्ये आणि बघत होत्ये." तात्या खांबाला टेकून बसून होते. आम्ही निघालो तेव्हा ते अंगणाच्या कडेच्या दगडी पेळ्यापर्यंत आले आणि मला म्हणाले, "तिला घेऊन ये. नको, मीच येतो न्यायला."

परतताना मास्तर पेटी मांडीवर घेऊन बसले होते. मी आनंदानं काहीबाही बोलत होतो. ते एवढंच म्हणाले, "वेगळं करून दाखवणं माझ्या हातात होतं. ती माणसं पुन्हा एकत्र येतील की नाही, ते मला सांगता यायचं नाही."

आली एकत्र. आठवड्यानं तात्या खरंच आले, काठी टेकत. आक्का त्यांच्याबरोबर जायला लगेच तयार झाली नाही. चार दिवस त्यांना माझ्या खोलीत राहावं लागलं. या चार दिवसांत तिनं त्यांना आधी जेवायला वाढलं नाही. पानं तीन मांडायची, माझं, त्यांचं आणि तिचं, आणि सगळ्यांनी बरोबर बसायचं. तात्या पहिल्या दिवशी अवघडले, चौथ्या दिवशी त्यांनी स्वतःच तिला म्हटलं, "तुझं पान घे गो." त्यानंतर ती गेली. दिराचा हात पूर्ण सुधारायला पावसाळा उजाडला.

मास्तरांना मात्र या प्रकाराचा त्रासच झाला. लांज्याची गोष्ट रत्नागिरीत पसरली आणि लोक पुड्या, बाटल्या घेऊन त्यांच्या दाराशी येऊ लागले. भावजयीनं दुधात काय घातलं? शेजाऱ्यानं विहिरीत काय टाकलं? मास्तर निमूटपणे तपासत, आणि बहुतेक वेळा वहीत 'नाही' लिहीत. ते ऐकून लोक खूश होत नसत, चिडत. एकजण माझ्यासमोर म्हणाला, "तुम्हाला सापडत नाही असं सांगा." मास्तर म्हणाले, "तसंही असेल. मला सापडत नाही." तो गेल्यावर मला म्हणाले, "याला पदार्थ नको होता, माणूस हवा होता." हळूहळू लोक यायचे थांबले. जाताना काहींनी त्यांच्याशी बोलणंही थांबवलं. आवारात परकी माणसं येतात आणि वास येतो, अशी तक्रार शाळेतही झाली. पुढे एक पदवी घेतलेले तरुण शिक्षक रसायनाला नेमले गेले. मास्तरांजवळ पदवी नव्हती, नुसता मुंबईतल्या एका प्रयोगशाळेतला जुना अनुभव होता. त्यांनी कुणाला काही न म्हणता राजीनामा दिला.

ते मंडणगडला भाच्याकडे जाणार होते. आगबोटीनं बाणकोटपर्यंत आणि पुढे गाडीवाटेनं. लांज्याला जाऊन आल्याला दोन वर्षं होऊन गेली होती; एप्रिलातली सकाळ होती. त्यांना पोचवायला बंदरावर मी एकटाच होतो. बोट वेळेवर आली नाही, म्हणून आम्ही माशांच्या रिकाम्या टोपल्यांशेजारी ट्रंकेवर बसलो. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "मास्तर, आक्कासाठी तुम्ही जे केलंत ते आम्ही विसरणार नाही."

ते समुद्राकडे पाहत होते. "मी ते तिच्यासाठी केलं, असं पूर्ण खरं नाही," ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. तरुणपणी ते मुंबईला प्रयोगशाळेत होते तेव्हा त्यांची बायको मंडणगडला त्यांच्या आईजवळ असे. एके दिवशी आईचं पत्र आलं. तुझ्या धाकट्या भावाला दूध प्याल्यावर वांत्या होतात, सून दुधात काहीतरी घालते, हिचं काय करू?

"रोज विषाच्या संशयानं आलेली परक्या लोकांची पाकिटं तपासत होतो मी, शास्त्रीबुवा. तोच माझा पगार. दूध वाळवून पाठवा असं लिहिलं असतं, तर एका दिवसाचं काम. मी लिहिलं, तिला माहेरी पाठव."

"मग?"

"पाठवलंन्. त्या पावसात तिला ताप आला. तिच्या भावाचं कार्ड मला मिळालं तेव्हा तिचा दहावा होऊन गेला होता."

मी विचारलं, "आणि दुधात खरंच काही...?"

"ठाऊक नाही," मास्तर म्हणाले. "ते आता कुणालाच कळायचं नाही."

लांब बोटीचा भोंगा झाला. माणसं बोटीपर्यंत नेणाऱ्या पडाववाल्यांनी आरडाओरडा सुरू केला आणि माणसं सामान घेऊन उठली. मी काही बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "मास्तर, छत्री घेतलीत ना?" ते म्हणाले, "घेतली." गड्यानं ट्रंक पडावात ठेवली. ते वाकून, धोतर सावरत आत बसले. दोन अनोळखी कुटुंबांच्या मधे, अंग चोरून. पडाव लाटेवर वर-खाली होत बोटीकडे गेला. त्यांनी मागे वळून पाहिलं असेल, पण उन्हामुळे मला नीट दिसलं नाही.

ते गेल्यानंतरच्या दुसऱ्या पावसाळ्यात भाच्याचं कार्ड आलं. मास्तर गेले होते, तेही महिन्यापूर्वी. त्यांच्या वहीत माझा पत्ता सापडला म्हणून कळवत आहे, असं त्यानं लिहिलं होतं. दुसरा कुठलाच पत्ता त्या वहीत नव्हता.

ते कार्ड घेऊन मी लांज्याला गेलो. आक्का मागल्या पडवीत फणसाचे गरे काढत बसली होती, हाताला तेल लावून. आता तिला दोन मुली होत्या. मी कार्ड वाचून दाखवलं आणि बंदरावर मास्तरांनी सांगितलेली हकीकतही पहिल्यांदाच सांगितली. ऐकताना तिचे हात थांबले.

"त्यांच्या बायकोचं नाव काय होतं रे?" तिनं विचारलं.

मी तीन वर्षं त्यांच्या भिंतीला भिंत लावून राहिलो होतो. मी ते विचारलं नव्हतं.